आम्हाला डायनासोरचा कंटाळा आलेला नाही: ‘ज्युरासिक’ मालिकेच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
‘ज्युरासिक’ चित्रपटमालिकेचे निर्माते, लेखक आणि दिग्दर्शक यांस

विषय: तुमच्या चित्रपटांतून जनावर हरवत चाललं आहे, त्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. २०२५ च्या जुलैमध्ये तुमच्या मालिकेतला सातवा चित्रपट, ‘ज्युरासिक वर्ल्ड: रिबर्थ’, आला. वडिलांना सोबत घेऊन मी तो पाहिला. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच आम्हाला सांगण्यात आलं की जगाला आता डायनासोरचं अप्रूप राहिलेलं नाही. संग्रहालयातलं डायनासोरचं दालन गुंडाळलं जातंय. न्यूयॉर्कमध्ये एक अवाढव्य लांबमान्या डायनासोर मरायला टेकलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वैताग आलाय तो त्याच्यामुळे रस्ता तुंबल्याचा.

२०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये उद्यानाची व्यवस्थापक क्लेअरही हेच म्हणाली होती. हल्लीची मुलं स्टेगोसॉरसकडे शहरातल्या प्राणिसंग्रहालयातला हत्ती बघावा तशी बघतात, असा तिच्या बोलण्याचा अर्थ. तेव्हा मी ते त्या पात्राचं मत म्हणून सोडून दिलं. दहा वर्षांनी अख्खा चित्रपट त्याच गृहीतकावर उभा राहिलेला पाहिला आणि वाटलं, हे आता तुमचंच मत झालेलं दिसतं. ते खरं नाही. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत हत्तीचा कंटाळा आलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. आमच्या वतीने असं कुणी बोलावं आणि आम्ही ऐकून घ्यावं, हे मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

माझा या मालिकेशी संबंध काय, ते आधी सांगतो. १९९४ मध्ये पहिला ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडील शेतकरी, त्यांना सिनेमाचा नाद कधीच नव्हता. पण गावातल्या कुणीतरी इतकं वर्णन करून सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एसटीने चंद्रपूरला गेलो आणि ब्लॅकने तिकीट काढून आत शिरलो. ब्रॅकिओसॉरस मागच्या दोन पायांवर उभा राहून झाडाचा शेंडा ओरबाडतो, तेव्हा थिएटरमध्ये जो आवाज झाला तो मी पुन्हा कुठल्याही थिएटरमध्ये ऐकलेला नाही. पण माझ्या जास्त लक्षात राहिला तो आजारी ट्रायसेरॅटॉप्सचा प्रसंग. ते जनावर कुशीवर पडलेलं, बरगड्या वरखाली होतायत, जीभ बाहेर. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, “श्वास पाह्य त्याचा. काहीतरी वंगाळ खाल्लं दिसते यानं.” मिनिटभरात पडद्यावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई, एली सॅटलर, तेच शोधायला लागल्या. माणसाच्या उंचीच्या शेणाच्या ढिगात त्यांनी हातमोजे घालून हात घातला. बाबांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. बैल आजारी पडला की आधी शेण बघायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

इंग्रजी न येणारा, संगणक न पाहिलेला, डायनासोर हा शब्दही जेमतेम ऐकलेला एक शेतकरी तुमच्या रबरी बाहुल्याच्या पोटात काय झालं असेल याचा विचार करत होता. तुम्ही त्या वेळी नेमकं काय साधलं होतं, ते मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

ते कसं साधलं, हेही मी पुढे वाचून समजून घेतलं. तो चित्रपट १२७ मिनिटांचा. त्यात डायनासोर दिसतात ती जेमतेम पंधरा मिनिटं, आणि संगणकावर घडवलेली त्यातली सहा-एक. बाकीचं काम स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी घडवलेल्या यांत्रिक प्राण्यांनी केलं. टी-रेक्सचं ते चाळीसेक फुटी धूड पावसाच्या चित्रीकरणात भिजलं की फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि सगळा सांगाडा थरथरायला लागायचा. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला कोरडं करत. गॅरी रायडस्ट्रॉम यांनी त्याच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघ आणि ॲलिगेटर एकत्र केले. फिल टिपेट हे छोट्या प्रतिकृती एकेका चौकटीला हाताने हलवून त्यांत जीव भरणारे कलावंत. संगणकाच्या चाचण्या पाहून आपली कला संपली असं त्यांना वाटलं होतं, पण स्पीलबर्ग यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. जनावर अंगाचं वजन कसं टाकतं, थांबतं कसं, मान वळवण्याआधी काय करतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि संगणकाला ते शिकवायला माणूस हवाच होता. या सगळ्या मंडळींनी जिवंत जनावरं निरखली होती. राक्षस घडवायचा म्हणून कुणी कामाला बसलं नव्हतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार संकरित प्राण्यांची. २०१५ मध्ये तुम्ही इंडोमिनस रेक्स आणलात. त्या एका चित्रपटापुरता त्याला अर्थ होता. प्रेक्षकांना दरवर्षी आणखी मोठं, आणखी दातेरी काहीतरी हवं असतं या समजुतीपायी उद्यानवाले प्रयोगशाळेत एक जनावर जुळवतात आणि ते त्यांच्यावरच उलटतं. हावेची गोष्ट होती ती, मला पटली. त्याच चित्रपटात आपल्या इरफान खान यांनी उद्यानाच्या मालकाची, सायमन मसरानीची, भूमिका केली होती. तो क्लेअरला विचारतो, प्राणी सुखात आहेत ना? ती म्हणते, ते मोजायचं काही साधन आपल्याकडे नाही. तो म्हणतो, आहे की, त्यांच्या डोळ्यांत दिसतं. सगळ्या नव्या चित्रपटांत मला सर्वांत खरं वाटलेलं बोलणं ते. आणि थोड्याच वेळाने इंडोमिनसने केवळ गंमत म्हणून मारून टाकलेल्या अपॅटोसॉरसच्या कळपातलं एक जनावर शेवटचे श्वास घेत पडलेलं दिसतं. त्या प्रसंगासाठी तुम्ही खरीखुरी यांत्रिक मान आणि डोकं बनवलं होतं, नटांनी त्यावर हात ठेवला होता. तो हात ठेवलेला कळतो. माझ्या आत काहीतरी तुटलं ते तेव्हा. इंडोमिनसच्या एकाही दृश्यात नाही.

मग तुम्ही काय केलंत? २०१८ मध्ये इंडोरॅप्टर आणलात. २०२५ मध्ये सहा पायांचा, सुजलेल्या डोक्याचा डिस्टॉर्टस रेक्स आणि त्याच्यासोबत पंख फुटलेले म्युटाडॉन. ज्या हावेवर तुम्ही २०१५ मध्ये बोट ठेवलं होतं, तीच तुमची रीत झाली. शेवटच्या लढाईत डिस्टॉर्टस बाहेर आला तेव्हा बाबांनी मला विचारलं, “हे कोणतं जनावर आहे रे?” मी म्हटलं, असं जनावर कधी नव्हतंच, यांनी बनवलंय. ते “बरं” म्हणाले आणि मागे टेकून बसले. एकतीस वर्षांपूर्वी पुढे सरकलेला माणूस मागे टेकला, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. जे जनावर नाही, त्याचा श्वास कसा चालतो, ते काय खातं, कशाला घाबरतं, याचा विचार करायला पाहणाऱ्याला जागाच नसते.

दुसरी तक्रार वाट पाहण्याची. आमचा तालुका ताडोब्याच्या शेजारचा. इथे वाघ हा रोजचा विषय आहे. पेपरमध्ये असतो, शेताच्या बांधावर असतो, कधी कधी घराच्या मागे असतो, आणि त्याने माणसं नेलेली घरं आम्हाला माहीत आहेत. तुमच्या हिशेबाने आम्हाला वाघाचा केव्हाच कंटाळा यायला हवा होता. जिप्सीत बसलेल्या माणसांना विचारा. चार-चार तास वाघ दिसत नाही. मग गाइड हात वर करतो आणि हळूच म्हणतो, “कॉल आला.” वाघाची चाहूल लागून कुठेतरी चितळ ओरडलेलं असतं. गाडी बंद होते. मातीत उमटलेला ताजा पंजा दिसतो. कुणी बोलत नाही. वाघ दिसो न दिसो, ती दहा मिनिटं माणूस आयुष्यभर सांगत राहतो.

१९९३ च्या टी-रेक्सचा प्रसंग नेमका असाच बांधलेला आहे. बांधलेली शेळी जागेवर नाही. गाडीतल्या पेल्यात पाण्यावर वर्तुळं उठतायत. पाण्यातली ती वर्तुळं गाडीखाली लावलेली गिटारची तार छेडून काढली होती म्हणे, केवढी साधी युक्ती! चित्रपट सुरू होऊन तासभर झालेला असतो आणि जनावर अजून दिसलेलं नसतं. १९९७ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्येही हे भान शाबूत होतं. उंच गवतातून पळणारी माणसं, आणि वरून दिसणाऱ्या फक्त गवतात पडत जाणाऱ्या रेघा. रॅप्टर, म्हणजे टोळीने शिकार करणारे ते चपळ डायनासोर, दिसतच नाहीत, माणसं एकेक करून दिसेनाशी होतात. २००१ च्या तिसऱ्या चित्रपटाला लोक नावं ठेवतात, पण धुक्यातल्या पुलावर समोरून कुणीतरी चालत येतंय आणि ते माणूस नाही हे हळूहळू कळतं, तो टेरॅनोडॉन या उडणाऱ्या प्राण्याचा प्रसंग त्याच जातीचा आहे. त्यानंतर तुम्ही घाई करायला लागलात. आता दर दहा मिनिटांनी काहीतरी डरकाळत अंगावर येतं, आणि मुलं पॉपकॉर्न खात राहतात. मुलांना कंटाळा आला असेलच तर तो या घाईचा आला आहे.

दुसऱ्या चित्रपटाबद्दल आणखी थोडं लिहितो, कारण त्याला त्याचं श्रेय मिळत नाही. त्याची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं, सॅन डिएगो शहरात टी-रेक्स धावतो ती, मला कधीच आवडली नाहीत. पण मधला ट्रेलरचा प्रसंग घ्या. पाय मोडलेलं टी-रेक्सचं पिल्लू माणसं उचलून आणतात, त्याच्या पायाला आधार बांधतात, आणि त्याला शोधत आईबाप येतात. ते आधी खिडकीतून बघतात. पिल्लू परत दिलं की ते निघून जातात, आणि मग वळून येतात. इतक्या भीतीदायक प्रसंगात मी त्या टी-रेक्सच्या बाजूने होतो. टी-रेक्सला पिल्लाची माया असेल, ही कल्पना एका थरारपटाने लाखो मुलांच्या डोक्यात रुजवली. वर्गात मी डायनासोरच्या घरट्यांचा धडा शिकवतो तेव्हा आजही तिथूनच सुरुवात करतो.

तिसरी तक्रार विज्ञानाची. १९९३ मध्ये तुम्ही विज्ञानाच्या पुढे नव्हता, पण बरोबर होतात. पक्षी हे डायनासोरचे वंशज आहेत, ही गोष्ट तेव्हा बहुतेकांच्या कानावरही गेलेली नव्हती; पहिल्या चित्रपटातला जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. ग्रँट ती पहिल्या पंधरा मिनिटांत सांगतो, आणि शेवटी हेलिकॉप्टरच्या खिडकीतून त्याला पेलिकन उडताना दिसतात. तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, चीनमध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्स हा पिसांसारखं मऊ आवरण असलेला डायनासोर जगासमोर आला. २००७ मध्ये खुद्द व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजल्याच्या खुणा सापडल्या. ग्रँटचं म्हणणं असं दारात येऊन उभं राहिलं आणि तुम्ही दार लावून घेतलंत. २००१ मध्ये रॅप्टरच्या डोक्यावर चार पिसं खोवलीत, २०१५ मध्ये तीही काढलीत. हे प्राणी इतर प्राण्यांच्या डीएनएने ठिगळ लावलेले आहेत, म्हणून ते खऱ्यासारखे दिसत नाहीत, असं स्पष्टीकरण ते प्राणी प्रयोगशाळेत घडवणाऱ्या डॉ. वू यांच्या तोंडी घातलंत. २०२२ मध्ये तांबड्या पिसांचा पायरोरॅप्टर गोठलेल्या तळ्यावर आला. किती देखणा होता तो, बर्फाखालच्या पाण्यात उतरला तेव्हा तर श्वास रोखला जातो! तुम्हाला हे जमतं. म्हणूनच पुढच्या चित्रपटात ते सोडून दिलेलं पाहून जास्त वाईट वाटलं.

माझे विद्यार्थी परीक्षेत रॅप्टरचं चित्र काढतात ते तुमचं काढतात. पाठ्यपुस्तक एक सांगतं, तुमचा पडदा दुसरं सांगतो, आणि दोघांत जिंकतं कोण हे तुम्हाला माहीत आहे. एवढा अधिकार हातात असताना जबाबदारीही थोडी घ्यावी, असं मागणं गैर नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. २०१८ च्या शेवटी तुम्ही डायनासोर माणसांच्या जगात मोकळे सोडलेत आणि आम्हाला एक वचन दिलंत. मी चार वर्षं वाट पाहिली. रानडुकरांनी रात्रीतून पीक लोळवलेल्या शेतांच्या गावात राहणाऱ्या माणसाला, जनावर आणि माणूस एकाच जमिनीवर कसे राहतील, हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. २०२२ च्या ‘डोमिनियन’ची सुरुवात तशी झालीही. बर्फात लाकडाच्या वखारीत शिरलेले अपॅटोसॉरस, त्यांना न दुखावता हुसकावणारी माणसं. पुढे मात्र सगळी कथा प्रयोगशाळेत वाढवलेल्या टोळधाडीवर गेली. पहिल्या चित्रपटातले ग्रँट, सॅटलर आणि माल्कम, तिघंही एवढ्या वर्षांनी एकत्र आले, आणि त्यांना तुम्ही टोळ पकडायला लावलंत.

पाचवी तक्रार आमच्या मातीची आहे, आणि ती इथे आमच्याशिवाय कुणी करणार नाही.

‘रिबर्थ’मधला मला सर्वाधिक आवडलेला प्रसंग टायटनोसॉरसचा. उंच गवताचं खोरं, त्यातून वर येणाऱ्या माना, लांबच लांब शेपट्या, एकमेकांना लडिवाळपणे घासणारी जोडी, आणि मागे जॉन विल्यम्स यांची जुनी धून. डायनासोरचा अभ्यासक डॉ. लूमिस त्या प्राण्याच्या पायाला हात लावतो आणि त्याचे डोळे भरून येतात. माझेही आले. त्या दोन-तीन मिनिटांत १९९४ चं थिएटर परत आलं होतं.

ते नाव कुठून आलं, हे त्या चित्रपटात कुणी सांगत नाही. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरजवळ काही हाडं मिळाली, आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या भागातल्या हाडांवरून एका प्राण्याला नाव दिलं: टायटनोसॉरस इंडिकस. जगभरच्या टायटनोसॉर कुळाला त्यावरून नाव पडलं. तुमच्या पडद्यावरचं ते नाव भारतातल्या हाडांचं आहे.

आणि गवत! माझ्या शाळेपासून फार लांब नसलेलं पिजदुरा नावाचं गाव आहे; शास्त्रीय लेखांत ते पिसदुरा म्हणून येतं. तिथल्या शेतांत, नांगरल्यावर किंवा पावसाने माती धुपल्यावर, मुठीएवढे आणि त्याहून मोठे दगड वर येतात. ते अश्मीभूत शेण आहे, बहुधा टायटनोसॉरचं, साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचं. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हाने घडवला, त्याच्या आगेमागेचा तो काळ. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणाचा अभ्यास करून २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की त्यात गवताच्या पेशींचे सूक्ष्म सिलिका कण आहेत. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर सगळे धरून चालले होते. पिजदुऱ्याच्या शेणाने ते मत बदललं. त्यातलं काही गवत भाताच्या कुळाशी नातं सांगणारं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून निघालेल्या एका टायटनोसॉरचं वर्णन १९९७ मध्ये सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी प्रसिद्ध केलं. त्याला आज इसीसॉरस म्हणतात. पुढचे पाय लांब, मानेकडे चढत गेलेली पाठ. असा वेगळा दिसणारा प्राणी तुमच्या एकाही चित्रपटात नाही.

तुम्ही गवतात उभा केलेला टायटनोसॉरस बरोबर होता, आणि तो बरोबर का होता याचा पुरावा आमच्या शेतात पडलेला आहे. हे तुम्हाला माहीत असेल तर सांगायला हवं होतं. नसेल तर आता मी सांगतो आहे.

दरवर्षी हिवाळ्यात मी सातवीच्या मुलांना पिजदुऱ्याला नेतो. दगड हातात देतो, सगळ्यांनी बघून झालं की जिथला तिथे परत ठेवायला लावतो. गेल्या खेपेला एका मुलीने तो दगड दोन्ही हातांत धरून विचारलं, “सर, हे खरंच शेण आहे का जी?” मी हो म्हटल्यावर तिने तो नाकाला लावला. मग बाकीच्या चाळीस जणांनी लावला. परतीच्या बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. तो प्राणी केवढा असेल, एका दिवसात किती गवत खात असेल, त्याच्या पायाखाली त्याचंच पिल्लू कसं येत नसेल, यावर वरोरा येईपर्यंत वाद चालला. या मुलांनी तुमचे चित्रपट मोबाइलवर पाहिलेले आहेत. ही मुलं कंटाळलेली आहेत, असं तुमच्या पटकथेत पुन्हा लिहू नका.

तुम्ही काहीच चांगलं केलं नाही, असं मला म्हणायचं नाही. पहिल्या चित्रपटानंतर सगळ्या मालिकेतला सर्वश्रेष्ठ प्रसंग माझ्या मते २०१८ च्या ‘फॉलन किंगडम’मध्ये आहे. बेटावर ज्वालामुखी फुटलाय, शेवटची बोट सुटलीय, आणि धक्क्यावर एकटा ब्रॅकिओसॉरस धुरात उभा राहून बोटीकडे बघत ओरडतोय. मग धुरातली त्याची सावली मागच्या दोन पायांवर उभी राहते, अगदी १९९३ मध्ये राहिली होती तशी, आणि कोसळते. तो तोच पहिला ब्रॅकिओसॉरस आहे, असं दिग्दर्शक बायोना यांनी सांगितलं आहे. सांगितलं नसतं तरी कळलं असतं. त्या प्रसंगात एकही दात दिसत नाही. एवढी उंच उडी मारून तोच चित्रपट पुढच्या तासाभरात एका हवेलीच्या तळघरात डायनासोरचा लिलाव मांडून बसतो, याचं मला आजवर दुःख आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या चित्रपटात प्रयोगशाळेत जुळवलेला एकही प्राणी नको. पृथ्वीवर खरोखर राहून गेलेले प्राणी पुरेत. मंगोलियात १९६५ मध्ये नुसते हात सापडलेला आणि २०१४ मध्ये ज्याचं पूर्ण रूप समजलं तो कुबडाचा डायनोकायरस अजून तुमची वाट पाहतोय. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात टायटनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं; एका घरट्याच्या राखणीवर सबंध चित्रपट होऊ शकतो.

ज्यांना पिसं होती त्यांना पिसं द्या.

माणूस जिथे प्राण्याला हात लावतो, तिथे हात लावायला काहीतरी प्रत्यक्ष असू द्या. वयाच्या सत्तरीत आलेल्या शेतकऱ्यालाही तो फरक कळतो.

कथेच्या मध्यभागी पुन्हा एकदा प्राण्याचा अभ्यास करणारं माणूस ठेवा. पैसे घेऊन मोहिमेवर जाणारे बंदूकधारी आता बरेच झाले. शेणात हात घालणारी एली सॅटलर पाहून किती मुली विज्ञानाकडे वळल्या असतील!

टायटनोसॉरस पुन्हा पडद्यावर आणाल तेव्हा तो कुठल्या मातीतला आहे, हे एका पात्राच्या तोंडून एका वाक्यात येऊ द्या. जबलपूर म्हणा, पिजदुरा म्हणा.

आणि मराठीत डब करा. मला तुमचा एकही चित्रपट आजवर मराठीत पाहायला मिळालेला नाही. त्या पहिल्या हिंदी डबिंगमुळेच माझ्यासारखी खेड्यातली मुलं या विषयाला भिडली. मराठीत आलात तर माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं समजून घेईल.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितो आहे. ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या तक्रारी खाली जोडाव्यात, फक्त भाषा नीट ठेवावी. तुमच्याकडून कुणी उत्तर दिलंच, तर ते मराठीत नसलं तरी चालेल. मी मुलांना अर्थ सांगून वाचून दाखवीन. डिसेंबरात आमची सहल आहे, त्याआधी आलं तर पिजदुऱ्याच्या शेतातच वाचू.

आपला,
१९९४ पासूनचा एक प्रेक्षक
वरोरा, जि. चंद्रपूर